काजूचा कारखाना आणि बियांचे पैसे

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाबद्दल, म्हणजे आपल्या पीएमईजीपीबद्दल. नव्या उद्योगाला बँक कर्ज देते, सरकार सबसिडी देतं. कारखाना असेल तर प्रकल्प 50 लाखांपर्यंत, सेवा व्यवसाय असेल तर 20 लाखांपर्यंत.

पण आधी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका बाईंची गोष्ट. वाळपईच्या आत, गावात त्यांनी काजूचा कारखाना घातला. प्रकल्प 10 लाखांचा. गावातला उद्योग, त्यात महिला, म्हणून सबसिडी 35 टक्के. पदरचे 5 टक्के, म्हणजे 50 हजार. बँकेचं कर्ज साडेनऊ लाख. शेड उभी राहिली, बिया उकडायचा बॉयलर आला, कटर आले, गर सुकवायचा बोरमा आला. नऊ लाख त्यातच गेले. बियांसाठी उरला एक लाख.

आता हिशेब घाला. दिवसाला 30 किलो बिया, किलोला 120 रुपये धरले तर रोजचे 3,600. लाखाच्या बिया 28 दिवसांत संपल्या. प्रोजेक्ट रिपोर्ट करणाऱ्याने महिन्याभराचा माल धरला होता. बेकरीला ते चालतं, मैदा बारा महिने मिळतो. काजूची बी मिळते मार्च ते मे. वर्षाची खरेदी तेव्हाच उरकावी लागते. जूनमध्ये कटर थांबले, बायकांच्या बोटांवर टरफलाच्या तेलाचे काळे डाग तेवढे राहिले. हप्ता मात्र थांबला नाही. पुढच्या मार्चच्या तोंडावर बँकेने कॅश क्रेडिट, म्हणजे माल घ्यायला लागेल तसं उचलायचं कर्ज, वाढवून दिलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

म्हणून सांगतो, यंत्राच्या आधी मालाचे पैसे मोजा.

 

बाई शाखेत विचारत होत्या, "सबसिडी हातात कधी पडणार?" हातात ती पडतच नाही. त्यांचे साडेतीन लाख तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही, आणि तेवढ्या कर्जावर बँकेने व्याज लावायचंही नाही. म्हणजे सुरुवातीला व्याज साडेनऊवर नव्हे, सहा लाखांवर. खात्याचा उतारा काढा आणि हे तपासा. तीन वर्षांनी कारखाना चालू आहे का ते पाहून रक्कम कर्जात वळती होते.

कॅश क्रेडिट मंजूर करून घेऊन नुसतं ठेवलंत, तरी फसाल. या तीन वर्षांत एकदा तरी ते पूर्ण उचललेलं हवं, आणि वापर मंजूर रकमेच्या 75 टक्क्यांखाली जाता कामा नये. नाही तर सबसिडीतला त्या प्रमाणातला वाटा परत जातो.

जमिनीची किंमत प्रकल्पात धरू नका, चालत नाही. कारखान्याचा प्रकल्प 10 लाखांवर गेला तर अर्जदार आठवी पास हवा. अर्ज ऑनलाइन, फी नाही. अडलंत तर जिल्हा उद्योग केंद्रात जा, एजंटाकडे नको. उद्यम नोंदणीलाही, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीलाही, पैसे लागत नाहीत, आधार आणि पॅन पुरे.