पुण्यात समुद्र कुठे आहे?

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचं नाव 'सागरविज्ञान, मुत्सद्देगिरी आणि विकसनशील देश' असं भारदस्त छापलंय. एवढं वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे एक तर बाहेर पाऊस आहे, नाहीतर नंतर चहा आहे.

मी सुरुवात पाण्यापासून करतो. समुद्राच्या पाण्याची क्षारता मोजणारं यंत्र आधी प्रमाण पाण्यावर लावून घ्यावं लागतं, नाहीतर त्याच्या आकड्याला कुणी विचारत नाही. हे पाणी उत्तर अटलांटिकमधून घेतात, गाळतात, क्षारता 35च्या (किलोमागे साधारण 35 ग्रॅम क्षार) आसपास आणतात आणि काचेच्या बाटल्यांत सीलबंद करतात. पूर्वी हे काम कोपनहेगनला चालायचं, पुढे इंग्लंडात गेलं. जगभर तेच वापरतात. हिंदी महासागर किती खारट, हे ठरवायला अटलांटिकचं पाणी विकत आणायचं!

एकदा आमची अशाच बाटल्यांची पेटी मुंबईत अडकली. कार्यालयाचं नाव घेत नाही. खिडकीवरचे साहेब भला माणूस. म्हणाले, "काय आहे यात?" म्हटलं, समुद्राचं पाणी. "कुठून आलं?" इंग्लंडहून. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, जुहूला जा की, बादली भरून न्या!" मग पत्ता वाचला. "पुणे? पुण्यात समुद्र कुठे आहे?"

आता मी पुण्याचा. प्रश्न ऐकून गप्प बसायची सवय नाही. पाषाणला मान्सूनचा अभ्यास करणारी संस्था आहे, मान्सूनचं बाष्प हिंदी महासागरावरून येतं, तेव्हा पुण्याचा समुद्राशी संबंध दिवेआगर आणि सुरमईपुरता नाही, असं बरंच ऐकवलं. मागे रांग खोळंबलेली. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "छान. हेच लेटरहेडवर लिहून आणा. आणि पिण्यासाठी नाही, हेसुद्धा लिहा." पत्र झालं, शिक्का राहिला, शिक्का झाला, साहेब रजेवर. ज्या संशोधन-बोटीसाठी पाणी मागवलं, ती ठरल्या तारखेला सुटली. पाणी सुटलं तेव्हा डेमरेज, म्हणजे माल वेळेत न सोडवल्याचा दंड, पाण्याच्या किमतीवर गेलं होतं. लेखापरीक्षणवाल्यांनी पुढे त्यावर काय शेरे मारले, ते वेगळं व्याख्यान होईल.

हसताय, पण माझा मुद्दा यातच आहे. तंत्रज्ञान मिळत नाही म्हणजे दर वेळी कुणी तोंडावर दार लावतं असं नाही. तसंही होतं, ते पुण्याला सांगायला नको. ऐंशीच्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी आपण मोठा क्रे महासंगणक मागितला, अमेरिकेने त्याच्या खालचा देऊ केला. मग 1988 साली इथे सी-डॅक ही सरकारी संगणक-संस्था उभी राहिली आणि 1991मध्ये तिचा 'परम 8000' हा महासंगणक आला. ही गोष्ट आपल्याला इतकी आवडते, की नकार मिळाला की देश आपोआप मोठा होतो असं वाटायला लागतं. पण कोमोरोससारख्या चिमुकल्या बेटदेशाने काय करायचं? मादागास्करने?

(चिठ्ठी आली. सात मिनिटं. म्हणजे विषयाला आता हात घालावा लागणार.)

तर 1982चा सागरी कायद्याचा करार. त्याचा चौदावा भाग तंत्रज्ञान हस्तांतरणावरच आहे. 'न्याय्य आणि वाजवी अटींवर' द्यावं, असं म्हणतो. वाजवी कुणाच्या मते, ते म्हणत नाही. परक्या जहाजाने तुमच्या आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंत, संशोधन करायचं तर कलम 246नुसार तुमची संमती हवी, आणि 249नुसार तुमच्या माणसालाही त्यात सामील व्हायचा हक्क. छान आहे. पण तो माणूस बोटीवरून उतरून घरी येतो तेव्हा तिथे लॅब नसते. 2023चा खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेचा करार जानेवारी 2026पासून लागू झाला. त्यातही क्षमताबांधणीवर प्रकरण आहे. पुन्हा किती बोटी, यंत्रं आणि कार्यशाळा दिल्या एवढंच मोजत बसलो तर आणखी चाळीस वर्षं फुकट. मी मोजेन ते कॅलिब्रेशन (यंत्र प्रमाणाशी लावून घेणं), सुटे भाग आणि बिघडलेलं यंत्र उघडू शकणारी माणसं.

यात आपण फक्त मागणारे राहिलेलो नाही. 2017 साली भारत वासेनार व्यवस्थेत, म्हणजे शस्त्रं आणि लष्करालाही उपयोगी पडेल अशा तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या देशांच्या गटात, गेला. आवाजाने पाण्याखालचा वेध घेणारं सोनार, पाण्याखाली चालणारी वाहनं, यांतली बरीच यंत्रं लष्करी उपयोगाची म्हणून आपल्याही निर्यात-परवान्याच्या यादीत आहेत. म्हणजे आता खिडकीच्या आत आपणही बसलोय. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था हिंदी महासागरातल्या देशांना त्सुनामीचे इशारे देते, त्यांच्या माणसांना शिकवते. उत्तम काम आहे. पण शिकून गेलेल्या माणसाचा सेन्सर वर्षाने तपासायचा झाला, तर तो अमेरिकेला का जावा? गोव्यात, चेन्नईत जाणकार माणसं आहेत. शेजाऱ्यांची यंत्रं तिथे तपासून द्या, दर आधी जाहीर करा, आणि परवान्याला मुदत घाला: इतक्या दिवसांत हो किंवा नाही. परराष्ट्र खात्याला यात फोटो मिळणार नाही, हे मला कळतं.

अर्गोबद्दल बोलायचं राहिलं. दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरवरून वर येणारे ते तरंगते फ्लोट, ज्यांची माहिती सगळ्या जगाला फुकट मिळते. कुणीतरी प्रश्नोत्तरांत विचारा, म्हणजे सांगता येईल. तिसऱ्या रांगेतल्या काकूंचा हात मघापासून वर आहे, त्यांना माइक द्या.