ठोकलेला नंबर आणि ओतलेला नंबर

समोर टेबलावरचा हा जीपच्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला ओतीव लोखंडी सांगाडा, परवाच मशीन शॉपमधून धुऊन आला. रात्रभर कॉस्टिक सोड्याच्या टाकीत होता. तेलाचा थर, रंगाचे तीन हात, सगळं निघून गेलं. त्यांनी बोअर, म्हणजे सिलिंडरचे व्यास, मोजले, भेगा तपासल्या आणि चिठ्ठीवर शेवटी एक ओळ लिहिली: ‘नंबरची जागा ग्राइंडरने घासलेली दिसते.’ आज त्या ओळीबद्दल बोलायचं आहे.

जीप एका शेतकरी कुटुंबाची. आजोबांनी लष्कराच्या जुन्या गाड्यांमधून घेतलेली. चेसिस फोर्डची, जीपीडब्ल्यू. इंजिनावरचा नंबर चेसिसच्या नंबराशी अंकन्‌अंक जुळत होता. नातू मोठ्या अभिमानाने सांगत आला, “सर, मॅचिंग नंबर आहे.”

आता हे जुळणं कुठे खरं असतं, ते आधी पाहू. दुसऱ्या महायुद्धात जीप दोघांनी बनवली. ओहायोतल्या टोलीडोची विलीज तिला एमबी म्हणायची, फोर्ड जीपीडब्ल्यू. त्यातला डब्ल्यू विलीजचाच, कारण आराखडा विलीजचा. इंजिनही तेच, बार्नी रूस या अभियंत्याने घडवलेलं ‘गो डेव्हिल’: चार सिलिंडर, १३४ घनइंच म्हणजे सुमारे २,२०० सीसी, ६० अश्वशक्ती. फोर्डने इंजिनाचा नंबर घेऊन तोच चेसिसवर ठोकला, म्हणून फोर्डच्या गाडीत दोन्ही नंबर जुळतात. विलीजने तसं कधीच केलं नाही. तिथे इंजिनाचा क्रम वेगळा, चेसिसचा वेगळा. तरी आपल्याकडे विलीज एमबी विकत घेणारे ‘मॅचिंग नंबर’ मागतात आणि विकणारे तो करूनही देतात! कारखान्याने जे केलंच नाही ते जुळलेलं दिसलं, की मला धडकी भरते. त्यात दोघांचे भाग एकमेकांना बसायचे. लष्करी डेपोत इंजिन उतरायचं, हाताशी असलेलं दुसरं चढायचं. फोर्डच्या चेसिसवर विलीजचं इंजिन असेल, तर तो त्या गाडीच्या नोकरीचा इतिहास आहे.

मशीन शॉपच्या मापांनी इथे ओळख पटत नाही, हेही लक्षात घ्या. मूळ बोअर ३.१२५ इंच. युद्धातलं इंजिन घ्या, युद्धानंतरच्या नागरी जीपचं घ्या, की उंच बॉनेटच्या सीजे-३बीचं, ज्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, बोअर तोच. हा ब्लॉक साठ थाऊ, म्हणजे इंचाचे साठ हजारांश, ओव्हरसाइज निघाला. त्यावरून एवढंच कळतं की त्याने पुष्कळ काम केलंय.

मग पाहायचं काय? आधी नंबरची जागा. युद्धातल्या इंजिनावर नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला, पुढच्या वरच्या कोपऱ्यात असतो. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, बसतं तो वरचा पृष्ठभाग वेगळा. शेव्हर्लेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ मध्ये नंबरची पट्टी त्या वरच्या पृष्ठभागाचाच भाग असते. तिथे फेस मारला, म्हणजे पृष्ठभाग तासून सपाट केला, की नंबर जातो, आणि मशीन शॉपचा त्यात काही वाईट हेतू नसतो. जीपमध्ये कितीही वेळा फेस मारा, बाजूच्या नंबरला धक्का लागत नाही. म्हणजे इथला नंबर घासला गेला असेल, तर तो कुणीतरी मुद्दाम घासला. या ब्लॉकवर कमानीसारखे ओरखडे आहेत, आजूबाजूची ओतीव खरखर तिथे अचानक संपते, आणि अंक एका रेषेत नाहीत. एकेक पंच, म्हणजे अंकाचा ठसा, हाताने ठोकलेला.

मग पुढची बाजू. कव्हर उघडल्यावर टाइमिंगची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारी, चेन नव्हती, गिअर होते. युद्धातल्या इंजिनांत चेन असायची. गिअर नंतर, नागरी सीजे-२एच्या काळात आले. पण एवढ्यावर मी ब्लॉकला दोष देणार नाही. कॅम, ऑइल पंप आणि पुढचे भाग बदलून चेनचे गिअर करणारे मिस्त्री खूप आहेत. बोल्टने बसतं ते बोल्टने निघतं, म्हणून त्याची साक्ष कच्ची.

ओतीव नंबरचं तसं नाही. तो साच्यातून लोखंडाबरोबरच उठून येतो, पंचाने करता येत नाही. पण तो ब्लॉकचा प्रकार सांगतो, तुमचं नेमकं इंजिन कोणतं ते सांगत नाही. इथला ओतीव नंबर युद्धकाळातल्या ब्लॉकचा नाही, एवढं पार्ट्‌सच्या पुस्तकाशी ताडून ठरलं. नेमकं इंजिन सापडलं ते भलतीकडेच. नागरी जीपचा नंबर पुढे, वॉटर पंप बसतो त्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. ज्याने बाजूचा नंबर रचला, त्याला हे माहीत नसावं, किंवा रंगाच्या थराखाली त्याला ते दिसलंच नसावं. कॉस्टिकने रंग निघाला आणि तिथे पुसट ‘३जे’ उमटलं. ३जे म्हणजे सीजे-३ए, १९४९ ते १९५३ या काळातली.

नातवाचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं, कारण आजोबांनी तरी काही फसवलं नव्हतं. त्यांना विकणाऱ्याने किंवा मधल्या कुणीतरी हे केलं असेल. या इंजिनांत व्हॉल्व्हच्या सीटपासून बोअरपर्यंत भेग जाणं नेहमीचं. मूळ ब्लॉक तसाच गेला असेल आणि कागद सांभाळायला कुणी पंच उचलला असेल. नातवाने विचारलं, “सर, बाजूचा नंबर पुन्हा नीट, सुबक ठोकून देता?” मी नाही म्हटलं. घासलेली जागा आहे तशी राहील, तिचे फोटो मशीन शॉपच्या चिठ्ठीला जोडले जातील, आणि इंजिनबदलाची आरसीत नोंद करायला तो आरटीओत जाणार आहे. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळते. तिथे चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल नसावेत, अशी अट आहे. अशा वेळी रचलेला नंबर घेऊन जाणं म्हणजे खोट्यावर सरकारी शिक्का मागणं.

आता एकेकाने पुढे या. टॉर्च आडवी धरा, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून. उजेड समोरून पडला तर पंपाजवळचा ३ दिसत नाही.