आधी रस्ता, मग माणसं

मंडळी, इम्प्रेशनिस्ट शैलीत, म्हणजे बारीक तपशिलांऐवजी त्या क्षणाचा उजेड सैल फटकाऱ्यांत पकडत, तैलरंगात रस्ता रंगवायचा म्हटलं की शिकणारे बहुतेक जण लगेच माणसं काढायला घेतात. हात सैल सोडला, फटकारे मारले, की जमलं असा समज असतो. फटकारा सैल दिसतो हे खरं, पण तो कुठे आणि किती गडद पडायचा हे आधीच पक्कं ठरलेलं असतं.

या शैलीतला फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याचं 1873 च्या सुमाराचं ‘बुलेव्हार दे कापुसीन’ हे चित्र घ्या. छायाचित्रकार नादारच्या स्टुडिओतून खाली दिसणारा पॅरिसचा रस्ता. त्याच स्टुडिओत 1874 साली इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन भरलं. लुई लरुआ या समीक्षकाने या चित्रातल्या माणसांची जाहीर टिंगल केली, कारण त्याला दिसले ते नुसते काळे ओरखडे. पण ते ओरखडे जिवंत वाटतात ते भोवतालच्या रस्त्याचा टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, बरोबर लागलाय म्हणून. रस्ता चुकला असता तर नाकडोळे काढूनही ती माणसं उभी राहिली नसती.

म्हणून सुरुवात मोठ्या आकारांपासून करा. टर्पेंटाइनने पातळ केलेला अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) घ्या, डोळे बारीक करा आणि समोरच्या देखाव्याचे चारच तुकडे पाडा: आकाश, उन्हातल्या भिंती, सावलीतल्या भिंती, रस्ता. रस्ता आडवा पसरलेला असतो, आकाशाचा उजेड थेट त्याच्यावर पडतो, त्यामुळे सावलीतल्या उभ्या भिंतीपेक्षा तो सहसा उजळ असतो. नवशिके मात्र डांबर काळं असतं हे ‘माहीत’ असल्यामुळे तो काळा करून टाकतात. माहितीवर नको, डोळ्यांवर विश्वास ठेवा. सावलीही काळ्याने भरू नका. स्वच्छ उन्हाच्या दिवशी तिच्यात आकाशाचा निळा उतरतो, म्हणून ती थंड दिसते आणि शेजारचं ऊन आणखी उबदार वाटतं. सावलीत रंग पातळ ठेवा, उजेडात जाड लावा.

माणसं शेवटी. पण त्याआधी क्षितिजरेषा, म्हणजे तुमच्या डोळ्यांच्या पातळीची रेषा, ठरवा, कारण खरी गफलत इथेच होते. तुम्ही सपाट रस्त्यावर उभे असाल तर जवळच्या आणि लांबच्या, साधारण तुमच्याच उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी क्षितिजरेषेवरच येतात, फक्त पाय वरखाली होतात. वरच्या मजल्यावरून पाहत असाल तर क्षितिज वर जातं आणि डोकी त्याच्या खाली येतात. हे एवढं जमलं की गर्दी आपोआप रस्त्यावर टेकते.

एक माणूस कसा काढायचा ते सांगतो. चपट्या ब्रशवर रंग भरपूर घ्या. खांद्यापाशी रुंद, खाली निमुळता होत जाणारा, गाजरासारखा एकच फटकारा. वर डोक्याचा ठिपका, तुम्हाला वाटतो त्याहून लहान. पावलं काढू नका. पायाशी ओल्या रंगातच आडवी सावली ओढा, सगळ्यांची एकाच दिशेने. उजेडाकडच्या खांद्यावर एक जाड, उबदार ठिपका. बस. आता ब्रश पुसा. त्याच जागी पुन्हा पुन्हा घोळवलंत तर खालचा ओला रंग मिसळून चिखल होतो. नाही जमलं तर डागडुजी करत बसू नका, पॅलेट नाइफने खरवडून काढा आणि नव्याने मारा. तैलरंगाची ही सवलत मला फार मोलाची वाटते.

मोनेचा सोबती इम्प्रेशनिस्ट चित्रकार पिसारो याने डोळ्यांच्या दुखण्यामुळे पुढे पुढे खिडकीतून रस्ते रंगवले. 1897 मध्ये हॉटेलच्या खोलीतून त्याने पॅरिसच्या बुलेव्हार मोंमार्त्र या रस्त्याची 14 चित्रं केली: सकाळ, ऊन, पाऊस, धुकं, एक तर रात्रीचंही. जागा तीच, उजेड वेगळा, म्हणून चित्र वेगळं. तुम्हीही तसंच करा. सावल्या सरकल्या की हातातलं चित्र थांबवा. नव्या उजेडासाठी कोरा कॅनव्हास घ्या आणि आधीचं चित्र दुसऱ्या दिवशी, तसंच ऊन असेल तर त्याच वेळेला, पुढे न्या.