घरातून गोठ्यापर्यंत इंटरनेटची वायर

श्रोतेहो, नमस्कार.

करवीर, पन्हाळा, कागल, कुठल्याही तालुक्यात जा, राउटर असतो पुढच्या सोप्यात आणि त्याची गरज असते मागच्या अंगाला. गोठ्यावर कॅमेरा लावलेला असतो, परड्यातल्या खोलीत पोरगी अभ्यासाला बसते, शेजारी धाकट्या भावाचं नवं घर उठलेलं असतं. मधे दीड हात जाडीची दगडी भिंत असली की वायफायचा जीव तिथंच संपतो. मग कुणीतरी म्हणतं, वायर ओढू या. बरोबर आहे. पण ती वायर उघड्यावरनं जाणार आहे, आणि उघड्यावर तिला तीन गोष्टींशी गाठ आहे: ऊन, पाणी आणि वीज.

उन्हाचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. दुकानात राखाडी किंवा निळी मिळते ती नेटवर्क केबल घरातली. तिचं पीव्हीसीचं आवरण उन्हातल्या अतिनील किरणांनी कडक होतं, तडकतं. बाहेर टाकायची केबल काळी असते, आवरण पॉलिथिलीनचं आणि त्यात काजळी मिसळलेली. ती काजळीच ऊन अडवते. घेताना आतली तारही बघा. ब्लेडनं जरा खरवडा. आत पांढरी चमक दिसली तर ते अॅल्युमिनियम, वरनं तांब्याचा नुसता मुलामा. स्वस्त मिळते म्हणून लोक नेतात. बाहेरच्या कामाला ती घेऊ नका. ओल लागली की अॅल्युमिनियम लवकर खराब होतं, वाकवलं की तुटतं, आणि त्याच वायरीतून कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर लांब पल्ल्यावर विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी पडतो.

आता पाणी. पाऊस आपल्याला नवा नाही, पण केबलमधलं पाणी फसवं असतं. आवरणाला बारीक चीर पडली तरी पाणी तारांच्या फटींतून आतल्या आत सरकत जातं आणि निघतं थेट राउटरच्या खोबणीत. बरं, इंटरनेट लगेच बंद पडतं असंही नाही. हजार एमबीपीएसच्या वेगाला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोनच पुरतात. एखादी जोडी गंजली की वेग हजारावरनं शंभरावर येतो, आणि माणूस इंटरनेटवाल्याला फोन करून भांडत बसतो. म्हणून केबल घरात शिरते तिथं भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा आणि शिरण्याआधी केबलला खाली एक झोल सोडा, पाणी तिथनंच गळून जाईल. शक्यतो वळचणीखालनं न्या, पन्हळीजवळनं नको. उघड्यावर जोड देऊच नका. जमिनीतनं न्यायची तर पाइपातनं न्या, नाहीतर घुशी आहेतच. पाइपात पाणी शिरणारच हे धरून चाला आणि जमिनीखालची म्हणून मिळणारी, आत जेल भरलेली केबल घ्या. चिखली, आंबेवाडीसारख्या नदीकाठच्या गावांनी २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलाय. तिथं राउटर आणि नेटवर्क स्विच, म्हणजे एका केबलीच्या अनेक करणारी डबी, माडीवरच ठेवलेले बरे.

मोटारीची केबल आणि ही केबल एका पाइपात घालू नका. जागा वाचते म्हणून वायरमन सुचवेल, तरी नको. दोन्हींत निदान वीतभर अंतर ठेवा, आणि एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडू द्या.

आता वीज, म्हणजे आकाशातली. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यांत वळीव येतो तो गडगडाट घेऊनच. लोकांना वाटतं, वीज घरावर पडली तरच नुकसान. तसं नाही. जवळच्या शेतात पडली तरी लांब तांब्याच्या तारेत दाब उमटतो. त्यातून घराचं अर्थिंग वेगळं, गोठ्याचं वेगळं. वीज पडते त्या क्षणी दोन्हीकडच्या जमिनीतल्या विजेच्या दाबात मोठा फरक पडतो, आणि तुमची केबल नेमकी त्या दोघांना जोडून बसलेली असते. नेटवर्क पोर्टमधलं चिमुकलं ट्रान्सफॉर्मर साधारण दीड हजार व्होल्टपर्यंत तग धरतं. वळवाच्या विजेपुढं दीड हजार म्हणजे काहीच नाही. एका टोकाला कॅमेरा जातो, दुसऱ्या टोकाला राउटर.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एकाच इमारतीच्या भिंतीवरनं जायचं असेल तर तांब्याची केबल चालेल. दोन वेगळ्या इमारतींच्या मधे मात्र फायबर टाका, म्हणजे काचेच्या बारीक तंतूतून प्रकाशानं इंटरनेट नेणारी केबल. काचेतून वीज वाहत नाही, मग अर्थिंगचा प्रश्नच उरत नाही. शिवाय तांब्याच्या केबलची मर्यादा शंभर मीटर, आणि रानातला गोठा पुष्कळदा त्याच्या पलीकडंच असतो. फायबरला किलोमीटरभर अंतरही जड नाही. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर लागतो, म्हणजे फायबरमधला प्रकाश आणि तांब्याच्या केबलमधला संदेश यांची अदलाबदल करणारी डबी. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळं गोठ्यात कन्व्हर्टरसाठी प्लग पाहिजे. तो बहुतेक ठिकाणी असतोच, बल्ब असतो तिथं.

दोन बारकावे. खांबावरनं घरात येते त्या चपट्या फायबर केबलच्या कडेला पोलादी तार असते, ओझं पेलण्यासाठी. ती धातूची आहे. ती बाहेरच भिंतीतल्या हुकाला अडकवून तोडा, आत नेऊ नका, नाहीतर फायबर टाकून उपयोग काय? आणि कनेक्टर. हिरव्या कनेक्टरचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं नाही. हिरवा निळ्याला जोडला तर बसतो, पण प्रकाश नीट पुढं जात नाही. तेव्हा हिरव्याला हिरवा, निळ्याला निळा. तयार कनेक्टरची केबल आणणार असाल तर पाइप ऐसपैस घ्या, कनेक्टर केबलपेक्षा जाड असतो.

पाइप बुजवण्याआधी त्यात एक जादा नायलॉनची दोरी सोडून ठेवा. पुढं दुसरी केबल ओढायची झाली तर परडं पुन्हा उकरावं लागणार नाही.

नमस्कार.