सरांची वयाची वही

अध्यक्ष महाशय, सरांच्या घरची मंडळी आणि सोलापूरच्या पूर्व भागातून हातातलं विड्यांचं सूप खाली ठेवून सरांच्या आठवणीसाठी इथवर आलेल्या माझ्या आया-बहिणींनो,

सरांनी तीस वर्षं इतिहास शिकवला, हे निमंत्रण पत्रिकेवर छापलेलं आहेच. मी बोलणार आहे ते संध्याकाळी सहानंतरच्या सरांबद्दल. शाळा सुटली की सर घरी जाऊन चहा घ्यायचे आणि ओट्यावर एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही उघडून बसायचे. तोवर समोर सात-आठ बायका येऊन बसलेल्या असायच्या. बोटांना तंबाखूचा वास, कमरेला कात्री. प्रत्येकीची अडचण एकच : "सार, माझं वय काढून द्या."

आज जन्माचा दाखला मोबाईलवर मिळतो, त्यामुळे ही अडचण तरुण मुलांना समजणार नाही. आमच्या आया शाळेत गेल्याच नाहीत. मग दाखला कुठला? बाळंतपणं घरात झाली, नोंद कोणी केली नाही. सात-आठ वर्षांच्या झाल्यावर आईशेजारी बसून विड्या वळायला लागल्या, तेवढंच त्यांना पक्कं आठवायचं. पण भविष्यनिर्वाह निधी असो, पेन्शन असो, घरकुल असो, प्रत्येक अर्जावर जन्मतारखेचा रकाना. डॉक्टर तोंडाकडे बघून अंदाजाने वय लिहायचे. एकाच बाईचं वय रेशनकार्डावर एक, कामगार ओळखपत्रावर दुसरं. मग अर्ज परत.

सर वय कधी विचारायचे नाहीत. ते म्हणायचे, "अम्मा, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला तू गेली होतीस की तुझी आई? मिलो, ती रेशनची लाल ज्वारी, खाल्ल्याचं आठवतंय? तेव्हा परकर होता की लुगडं?" मग मागे जायचे. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. त्याच्या मागे गांधीजींचा खून. पुढे यायचं तर किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. त्या रात्री अख्खं सोलापूर रस्त्यावर आलं होतं, कडेवर कोणतं लेकरू होतं हे कुठलीच आई विसरलेली नाही. असं वर्ष सापडलं की महिना. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या आधी की नंतर? नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघाला तेव्हा आई बाळंतिणीच्या खोलीत होती का? नवरात्रात आमच्या तेलुगू बायका फुलांची बतकम्मा मांडतात, तिची फुलं आणायला ती गेली होती का? ही पंचांगं आमच्या बायकांना तोंडपाठ. विचारणारा माणूस तेवढा हवा होता.

वहीत डाव्या पानावर ती बाई काय म्हणाली ते, उजव्या पानावर बहीण किंवा शेजारीण काय म्हणाली ते. दोन्ही जुळल्याशिवाय खाली सही नाही. तो कागद घेऊन बाई डॉक्टरांकडे गेली की त्यांच्या अंदाजाला आधार मिळायचा. प्रतिज्ञापत्रालाही तोच कागद जोडायचा.

सर स्वतः मागावाल्याचे. शाळेच्या आधी मागासाठी सुताच्या कांड्या भरून द्यायच्या आणि मग पाटी उचलायची, असं त्यांचं बालपण गेलं. त्यामुळे पेठेतली माणसं त्यांना परकी नव्हती. वर्गातही त्यांची पद्धत हीच. सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉचा धडा आला की निम्मी पोरं हात वर करायची, "सर, माझे आजोबा होते त्यात!" सर आनंदाने ऐकायचे आणि मग विचारायचे, "कोणत्या बोळात होते? गिरणीचा भोंगा झाला होता का?" पोरगं घरी जाऊन विचारून यायचं. कधी आजोबा खरंच निघायचे, कधी आजोबांचे शेजारी. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, शहर पेटलं, ८ तारखेला गोळीबार झाला, काही दिवस इंग्रजांची सत्ता इथून उठलीच आणि मग लष्करी कायदा आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघे फासावर गेले. सर ही नावं उभं राहून घ्यायचे. पण आरोप पोलिसांच्या खुनाचा होता, हेही सांगायचे, आणि त्या पोलिसांच्या घरी कोण होतं हे तुम्ही कधी विचारलंत का, असंही. मला त्या वयात ते रुचलं नव्हतं.

आता माझ्या घरची गोष्ट. २००६ साली आई सरांच्या ओट्यावर गेली. पेन्शनला अठ्ठावन्न पूर्ण हवीत. आईचं म्हणणं, "निजामाचे रझाकार पळाले तेव्हा मी पाळण्यात होते. पलीकडून, हैदराबाद संस्थानातून, पाहुणे पळून आले होते, घर भरलं होतं, पाळणा मागाच्या खोलीत बांधला होता." म्हणजे १९४८. हिशोब बरोबर बसत होता. सरांनी मामाला बोलावलं, मामाची जन्मनोंद नगरपालिकेतून काढून आणली. मामाचा जन्म फेब्रुवारी १९४८ चा. सर हळूच म्हणाले, "अम्मा, तो पाळणा तुझ्या भावाचा. तू ऐकलंस, इतक्या वेळा ऐकलंस की तुला तो तुझा वाटायला लागला."

आई म्हणाली, "दोन वर्षं लावून टाका की सार. कोण बघतंय?" घरात तेव्हा बाबांचं आजारपण होतं, माग विकला होता, मी नुकताच कामाला लागलो होतो. सरांना सगळं माहीत होतं. त्यांनी १९५० लिहिलं. "आज तुझं खोटं लिहिलं तर उद्या या वहीतल्या तीनशे बायकांचं खरं कोण मानेल?" एवढंच बोलले. आई दोन वर्षं त्यांच्याशी बोलली नाही. मी सरांवर रागावलो होतो, हे आज त्यांच्या फोटोसमोर सांगतो. आमच्या घरची ती दोन वर्षं फार वाईट गेली, आणि सर बरोबर होते. दोन्ही खरं आहे.

२००८ च्या नवरात्रात, बतकम्माच्या दिवसांत, सकाळी सर दारात उभे. काखेत वही, हातात पेन्शनचा भरलेला अर्ज. "अम्मा, अठ्ठावन्न झाली. अंगठा दे." आईने हात पुसले. अंगठा दिला, मग आत जाऊन चहा टाकला.

सर गेल्यावर वहिनींनी ती वही माझ्याकडे दिली. पहिल्या पानावर मला वाटलं काही नियम लिहिले असतील. तिथे सरांची स्वतःचीच नोंद होती. शाळेच्या दाखल्यावर १ जून, म्हणजे गुरुजींनी बसल्या जागी ठोकून दिलेली, आपल्या निम्म्या पिढीची असते तशी. डाव्या पानावर : 'आई सांगायची, रथाच्या दुसऱ्या दिवशी, पाऊस होता.' उजवं पान कोरं. खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात : 'आत्याला विचारायचं राहिलं.' सही नाही.