कपडे बदलायच्या खोलीतली चोरी
(सांगलीत पालक आणि क्रीडा प्रशिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

पालक मंडळी आणि प्रशिक्षक मित्रहो,

मी पोहायला शिकलो ते इथल्याच कृष्णाकाठी. तिथं लॉकर नव्हते, कपडे बदलायला खोलीही नव्हती. सदरा-चड्डीची घडी करायची, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर चपला ठेवायच्या आणि घाटावर धुणं धुणाऱ्या कुणा बाईला सांगायचं, "मावशी, कपड्यांकडं लक्ष असू द्या." मावशींचं धुणं आधी उरकलं तर त्या जाताना शेजारणीला सांगून जायच्या, "त्या पोरांचे कपडे आहेत हो." एवढीच व्यवस्था होती. आता क्रीडासंकुलात लोखंडी कपाटं आली, कुलपं आली, पण "लक्ष असू द्या" म्हणावं असं माणूस तिथं कुणी नसतं.

मी एका शाळेच्या कबड्डी संघाचा प्रशिक्षक असतानाची गोष्ट सांगतो. तासगावात सामने होते. पोरांना कपडे बदलायला एक वर्गखोली मिळाली होती. बाकांवर पिशव्या, खिडकीच्या गजांना अडकवलेले शर्ट, फळ्यावर आदल्या दिवशीचं गणित. सामना जिंकून आलो आणि आमचा एक चढाईपटू ओरडला, "सर, माझं घड्याळ गेलं!" घड्याळ त्याच्या वडिलांनी दहावीच्या निकालावर घेऊन दिलेलं. मी दार लावून घेतलं आणि म्हणालो, "सगळ्यांनी पिशव्या उघडा."

त्या वाक्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

चौथ्या बाकाशी पोहोचलो. तिथला मुलगा वाळव्याकडचा, वडील ऊसतोडीला जाणारे. मी काही बोलायच्या आत त्यानं स्वतःच पिशवी बाकावर उलटी केली. फडक्यात बांधलेली भाकरी पडली, कागदातला ठेचा पडला, एक जुना टॉवेल पडला. कागद सुटून ठेचा टॉवेलला लागला. तो उचलायला वाकला नाही, नुसता माझ्याकडं बघत राहिला. बाकीच्या पिशव्या मी वरवर बघितल्या आणि त्याच्या टॉवेलच्या मात्र घड्या उलगडल्या. असं का केलं, हे मला तेव्हाच विचारलं असतं तर उत्तर देता आलं नसतं. आज येतं. तो गरीब होता म्हणून.

घड्याळ संध्याकाळी एसटीत सापडलं. मालकाच्याच बुटात, मोज्याच्या आत. सामन्याआधी त्यानंच ते कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून तिथं कोंबलं होतं. सोमवारी तो वाळव्याचा मुलगा सरावाला आला नाही. पुन्हा कधीच आला नाही. पकड धरली की सुटत नसे, असा डाव्या कोपऱ्यातला बचावपटू होता तो.

त्यानंतरच्या वर्षांत मी बारकाईनं बघायला लागलो. सामन्याआधी खेळाडूचं चित्त मैदानावर असतं. हातातली वस्तू तो नेहमीच्या जागी न ठेवता "जपून" ठेवतो: बुटात, टॉवेलच्या घडीत, मित्राच्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात. जागा नवीन असते, मन दुसरीकडं असतं, म्हणून ते ठेवणं लक्षातच राहत नाही. दोन तासांनी हात सवयीनं नेहमीच्या जागी जातो आणि ती रिकामी असते. तोंडून पहिला शब्द बाहेर पडतो तो "चोरलं". आपल्याकडं "हरवलं" आणि "चोरलं" हे दोन वेगळे शब्द आहेत, पोलीस ठाण्यातही गहाळ झाल्याची नोंद वेगळी आणि चोरीची फिर्याद वेगळी. खेळाच्या खोलीत मात्र आपण एका दमात दुसऱ्या शब्दावर जातो, आणि तो शब्द उच्चारला की तिथल्या प्रत्येक पोराकडं संशयानं बघितलं जातं.

खऱ्या चोऱ्या होत नाहीत असं मी म्हणत नाही. होतात, आणि बहुतेकदा सामना रंगलेला असताना, खोली मोकळी असताना होतात. गळ्यात टॉवेल टाकून कुणीही आत शिरला तर त्याला हटकत नाही कोणी. ५ फेब्रुवारी २०१७ ला ह्यूस्टनमध्ये अमेरिकन फुटबॉलचा सर्वांत मोठा सामना झाला, आणि विजेत्या संघाच्या टॉम ब्रेडीची घामेजलेली जर्सी लॉकर रूममधून गेली. केवढा बंदोबस्त असेल तिथं! पुढच्याच महिन्यात ती मेक्सिकोत एका पत्रकाराकडं मिळाली. तो रीतसर प्रवेशपत्र घेऊन आत आलेला होता. तपास करणाऱ्यांनी कॅमेऱ्यातली दृश्यं तपासली, कोण आत आलं नि कोण गेलं ते बघितलं. दारावर लक्ष ठेवणं म्हणजे काय, ते यातून समजतं. मी तासगावात दाराकडं बघितलंच नव्हतं, सरळ पोरांच्या पिशव्यांत हात घातला होता.

मोबाईल गेला असेल तर वेळ घालवू नका. खोक्यावरचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनची स्वतःची ओळख सांगणारा आकडा, घ्या, पोलिसांत तक्रार द्या आणि सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर फोन बंद करायची विनंती नोंदवा. तो क्रमांक आजच घरी लिहून ठेवा, कारण फोन गेल्यावर त्याच फोनवर तो बघता येत नाही.

आणि एखाद्या पोरानं खरंच उचललं असेल तर? भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३०३ मध्ये एक तरतूद आहे: वस्तू पाच हजारांच्या आतली, गुन्हा पहिल्यांदाच सिद्ध झालेला आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. ही तरतूद मोठ्या माणसांसाठी आहे, मुलांसाठी तर कायदाच वेगळा आहे. न्यायालय जिथं एवढं सबुरीनं घेतं, तिथं आपण चौदा वर्षांच्या मुलाला संघासमोर उभं करून "चोर" म्हणतो. मी असं पोर एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं. त्यानं दुसऱ्याचे नी-कॅप घेतले होते, कारण मैदानावर घासून त्याच्या गुडघ्याची जखम भरतच नव्हती. ते परत गेले, त्याला दुसरे मिळाले आणि तो खेळत राहिला. संघात कुणाला कळलं नाही. यापेक्षा जास्त काही करायची गरज नव्हती.

आता आमच्याकडं एक रीत आहे. सामन्याआधी पाकीट, मोबाईल, घड्याळ, गळ्यातली साखळी एका कापडी पिशवीत जमा होते. वहीत नाव आणि वस्तू लिहायची, शेजारी सही. पिशवी राखीव खेळाडूकडं. त्याला मैदानात उतरवायची वेळ आली तर तो ती दुसऱ्याच्या हातात देतो आणि मोठ्यानं सांगतो, "माझ्याकडनं तुझ्याकडं आली." ही रीत त्या मावशींची आहे, मी फक्त वही घातली.

दाराशी एक पत्र्याचा डबा ठेवलाय, तो आज सोबत आणलाय. मैदानावर सापडलेल्या वस्तू त्यात पडतात. कुणी टाकल्या, हे आम्ही विचारत नाही. यात एक डाव्या पायाचा मोजा आहे, चष्म्याचं घर आहे आणि लाल दोऱ्यात ओवलेली सायकलची चावी आहे. चावी तीन आठवडे झाले पडून आहे. जाताना बघून जा, तुमच्यापैकी कुणाच्या पोराची असेल.