दबाव खालून येतो तेव्हा

मित्रहो, मराठीत 'दबाव' नेहमी वरून येतो. 'काय करणार, वरून दबाव होता,' असं आपण ऐकतो. 'खालून दबाव आला' असं एखादा अधिकारी म्हणताना तुम्ही कधी ऐकलाय? (हशा) नाही ना? म्हणूनच 'दबाव गट', म्हणजे सरकारकडून आपली मागणी मान्य करून घ्यायला एकत्र आलेले लोक, म्हटलं की मनात आधी संशय येतो. कुणीतरी कुणाला तरी मागच्या दाराने भेटलं असणार! असं होतं, आणि आज मला बोलायचंय ते त्याबद्दलच. पण आधी एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला या विषयात शिरताच येत नाही.

राजस्थानात, राजसमंद जिल्ह्यातल्या देवडुंगरी या खेड्यात 1990 साली मजदूर किसान शक्ती संघटन उभं राहिलं. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि त्यांच्याबरोबर आसपासच्या गावांतले मजूर आणि छोटे शेतकरी. मागणी अगदी साधी होती, सरकारी कामावर ठरलेली किमान मजुरी मिळावी. उत्तर यायचं, 'तुमचं काम मोजमापात कमी भरलं.' बरं, मग मोजमाप दाखवा. हजेरीपट दाखवा. तर म्हणे ते सरकारी दप्तर आहे, दाखवता येत नाही. 1923 सालचा, इंग्रजांच्या काळातला शासकीय गुपितांचा कायदा होताच. हेरांपासून गुपितं राखायला केलेला कायदा! आणि गुपित कसलं, तर खडी फोडणाऱ्या बाईची तिच्या स्वतःच्या कामावरची हजेरी. मला आजही हे सांगताना राग येतो.

मग या लोकांनी काय केलं? 2 डिसेंबर 1994 रोजी कोटकिराणा या गावी पहिली जनसुनवाई भरवली. मिळवलेले कागद सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचले. अशा सुनावण्या मग एकामागून एक झाल्या. हजेरीपटावरचं एकेक नाव पुकारायचं, आणि गावानेच सांगायचं की हा माणूस कामावर होता की नव्हता. कुणी कधीच कामावर गेलेलं नसायचं, कुणी गाव सोडून गेलेलं, आणि काही जण तर मेलेले असायचे. कागदोपत्री बांधलेल्या इमारती जागेवर सापडायच्या नाहीत. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, त्यांनी सरकारी हिशेब तपासला. लोकशाहीची याहून चांगली परीक्षा मी तरी पाहिलेली नाही.

1995 च्या एप्रिलमध्ये राजस्थानच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत कागदांच्या प्रती देण्याची घोषणा केली. वर्ष गेलं, अंमल नाही. तेव्हा 6 एप्रिल 1996 पासून ब्यावरमध्ये धरणं सुरू झालं आणि चाळीस दिवस चाललं. घोषणा होती, 'हमारा पैसा, हमारा हिसाब'. आणि एक गोष्ट आपल्या लक्षात नसते, म्हणून मुद्दाम सांगतो. माहिती अधिकाराच्या कायद्याचा एक सुरुवातीचा मसुदा तयार झाला तो प्रेस कौन्सिलमध्ये, न्यायमूर्ती पी. बी. सावंत अध्यक्ष असताना. राजस्थानचा कायदा 2000 साली आला, महाराष्ट्राचा 2002 साली, आणि केंद्राचा 12 ऑक्टोबर 2005 पासून, तेव्हाचं जम्मू-काश्मीर सोडून, देशभर लागू झाला. कायदा येण्याच्या आधी ही मागणी रस्त्यावर आली होती.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. आता मूळ मुद्दा भराभर मांडतो.

गट चांगला की वाईट हे त्याच्या मागणीवरून ओळखू नका, असं माझं म्हणणं आहे. कारखानदारांनीही संघटना करावी, शेतकऱ्यांनी करावी, डॉक्टरांनी करावी. घटनेच्या कलम 19 ने तो हक्क सगळ्यांना दिलाय. बघायचं ते हे, की दबाव चारचौघांत आणला की बंद खोलीत. अमेरिकेत लॉबिंग, म्हणजे कायदे आपल्या बाजूने व्हावेत म्हणून सत्तेतल्यांना गाठणं, करणाऱ्यांनी नोंदणी करावी असा कायदा 1946 पासून आहे, 1995 मध्ये तो आणखी कडक झाला. आपल्याकडे असा कायदाच नाही. त्यामुळे लॉबिंग थांबलेलं नाही, ते फक्त दिसत नाही. निवडणूक रोखे आठवा. 2018 ते 2024 पक्षाला पैसा कुणी दिला हे मतदाराला कळत नव्हतं. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना रद्द केली, आणि कारण काय दिलं? मतदाराचा माहितीचा अधिकार. कोटकिराण्याच्या मांडवात मागितलेला तोच हक्क!

पण उघडपणा तेवढा पुरत नाही, हेही मान्य करतो. बंद पुकारणारे उघडच असतात. केरळ उच्च न्यायालयाने 1997 मध्ये सक्तीचे बंद घटनाबाह्य ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो निकाल कायम केला. तुम्ही संपावर जा. पण दुसऱ्याचं दुकान दगडाच्या धाकाने बंद करायचा हक्क तुम्हाला नाही.

आणि तिसरी अडचण सर्वांत अवघड. मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने 1965 साली दाखवून दिलं की ज्यांचा फायदा मोठा आणि संख्या थोडी, ते चटकन एकत्र येतात. ज्यांचं प्रत्येकाचं थोडं थोडं नुकसान होतं, ते कोट्यवधी असूनही घरीच बसतात. साखर कारखान्यांचा संघ असतो. चहात साखर घालणाऱ्यांचा संघ कुणी पाहिलाय? (हशा)

पुन्हा चिठ्ठी. एकच मागणी सांगतो आणि थांबतो. केंद्र सरकारचं 2014 पासूनचं एक धोरण आहे. विधेयकाचा मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवायचा आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा प्रसिद्ध करायचा. पण ते धोरण आहे, कायदा नाही. त्याचा कायदा करा, आणि त्यात आणखी एक ओळ घाला: मसुदा तयार होत असताना मंत्र्यांना आणि सचिवांना कोण कोण भेटलं, त्याचा हजेरीपट विधेयकासोबत जोडायचा. एवढ्यासाठी इथे कुणी दबाव गट काढणार असेल, तर माझ्या वर्गणीची पावती आजच फाडा.